बर्मिंगहॅम ते हाय ऑफली : कालव्याकाठचे पब, उरलेले आणि गेलेले

मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीने (लांबट, अरुंद कालवा-बोटीने) निघायचं ठरलं की नकाशात तीन गोष्टी आधी शोधल्या जातात : लॉक (बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला पाण्याचा हौद), पाण्याचे नळ आणि पब. पहिल्या दोन जागच्या जागी असतात. पबांचा मात्र भरवसा उरलेला नाही. ब्रिटिश बिअर अँड पब असोसिएशनच्या मोजणीप्रमाणे २००० साली देशात सुमारे ६०,८०० पब होते. आता ते ४५,००० च्या आसपास आहेत. कालव्याकाठच्या पबांचं दुखणं थोडं वेगळं आहे, कारण त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक पाण्यावरून येतं आणि नोव्हेंबर लागला की दिसेनासं होतं.

हा मार्ग सुमारे ३३ मैलांचा आणि २६ लॉकांचा आहे. हिशेब सोपा : एक मैल किंवा एक लॉक म्हणजे एक एकक, आणि तासाला अशी तीन एककं होतात. म्हणजे एकूण वीसेक तासांचं काम. पाच दिवसांत ते आरामात होतं आणि पबात बसायला वेळही उरतो. बोट ५७ फुटांपर्यंतची घ्यावी. रुंदीची चिंता नाही, नॅरोबोट ६ फूट १० इंचांची असते आणि इथली लॉकं सात फुटांची. वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, पण प्रत्यक्षात तीनच्या वर जाऊ नये. बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू. जायचं ते एप्रिल-मे किंवा सप्टेंबरात. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत कालवे सांभाळणाऱ्या कनाल अँड रिव्हर ट्रस्टची दुरुस्तीची कामं चालतात, लॉकं बंद असतात, आणि त्या दिवसांत कितीतरी पब फक्त शनिवार-रविवारी उघडतात.

पहिला दिवस : गॅस स्ट्रीट ते टिप्टन (सुमारे ८ मैल, ३ लॉक)

निघण्याआधी रोज चार कामं. इंजिनाचं तेल आणि कूलंट बघायचं, स्टर्न ग्लँडच्या (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो त्या सांध्याच्या) ग्रीसरला एक-दोन वळसे द्यायचे, वीड हॅच (पंख्यावरची झडप) उघडून बोट ढकलणाऱ्या पंख्यात काही अडकलंय का ते हाताने चाचपायचं (चावी काढून खिशात ठेवल्यावरच) आणि हॅचचं झाकण पक्कं आवळायचं. हे शेवटचं विसरलं तर पंख्याने उडवलेलं पाणी आत येत राहतं आणि बोट बुडू शकते. शहरातल्या पाण्यात चिंध्या, तार आणि प्लास्टिक भरपूर, त्यामुळे दुपारी पुन्हा एकदा बघितलेलं बरं.

पहिल्या मैलाच्या आतच शीपकोट स्ट्रीट लागतो. इथे जुन्या शाळेच्या इमारतीत ‘फिडल अँड बोन’ हा पब होता. शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांनी तो १९९७ मध्ये सुरू केला आणि रोजच्या जिवंत संगीतासाठी तो नावाजला. जवळच्या नव्या फ्लॅटांमधून आवाजाच्या तक्रारी आल्या आणि २००३ मध्ये तो बंद पडला. इमारत पुढे वेगळ्या नावाने पुन्हा वापरात आली, पण ते संगीत परतलं नाही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक कलम आलं : आधीपासून चालू असलेल्या पबाशेजारी जो नवी घरं बांधेल, आवाज रोखण्याची तजवीज त्यानेच करायची, म्हणजे दुहेरी काचा, भिंतींचं अस्तर, खिडक्यांच्या दिशा हे सगळं त्याच्या खर्चाने. कलम रास्त आहे. कालव्याकाठी फ्लॅटांना भाव येऊ लागला तेव्हाच ते हवं होतं.

पुढे अभियंता थॉमस टेलफर्डची न्यू मेन लाइन (वुल्वरहॅम्प्टनकडे जाणारा मुख्य कालवा) लागते. ती अगदी सरळ आणि रुंद आहे, दोन्ही काठांना टोपाथ (बोट ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटा) आहेत. मध्येमध्ये पाण्यात विटांची बेटं दिसतात. त्यांवर टोल घेणाऱ्या कारकुनांच्या खोल्या असत. बेटाजवळ वाट अरुंद होते, वेग आधीच कमी करावा. खोल कापातून जाताना डोक्यावर १८२९ चा गॅल्टन ब्रिज येतो, दीडशे फुटांच्या एकाच लोखंडी कमानीचा. त्याच्या एका अंगाला स्मेथविक गाव आहे. तिथे बोट बांधायला चांगली जागा नाही, म्हणून सरळ टिप्टन गाठावं, फॅक्टरी लॉक्सची तीन लॉकं चढावीत आणि वर कोरोनेशन गार्डन्सपाशी मुक्काम करावा. बागेत विल्यम पेरीचा पुतळा आहे. ‘टिप्टन स्लॅशर’ या नावाने गाजलेला हा मुष्टियोद्धा १८५० ते १८५७ इंग्लंडचा विजेता होता. ओवेन स्ट्रीटवरचा फाउंटन इन हा त्याचा अड्डा. नावाडी, खाणकामगार आणि लोहार यांना एका छताखाली आणणारी जागा म्हणजे काय, हे या पबाच्या इतिहासात नीट दिसतं.

संध्याकाळी टिप्टन स्टेशनवरून लोकल पकडून स्मेथविक गॅल्टन ब्रिजला जावं. भारतीय वाचकांसाठी या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा थांबा हाच आहे.

१९५० नंतर स्मेथविकच्या ओतकाम कारखान्यांत, बर्मिडसारख्या भट्ट्यांवर, पंजाबातून आलेले शेकडो लोक काम करत. पाळी संपली की गोरा कामगार ज्या पबात शिरे, तिथे त्यांना एक तर दारातून परतवलं जाई, नाहीतर फक्त बारच्या खोलीत उभं राहू दिलं जाई. इथल्या जुन्या पबांत दोन खोल्या असतात : साधी, फरशीची ‘बार’ आणि गालिचा घातलेली ‘स्मोक रूम’, जिथे बिअरचा तोच पाइंट (अर्ध्या लिटरहून जरा मोठा ग्लास) थोडा महाग मिळे. रंगभेदाची रेघ या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर होती. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे कार्यकर्ते ठरवून अशा पबांत जात, मागणी करत, नकार मिळाला की त्याची नोंद करत. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्याच निमंत्रणावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथविकला आले, मार्शल स्ट्रीटवरून चालले आणि ‘ब्लू गेट्स’ पबात गेले. तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांना पेय नाकारण्यात आलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या शेवटी रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट लागू झाला आणि सार्वजनिक जागांतला असा भेदभाव बेकायदा ठरला.

पुढे कारखाने बंद होऊ लागले तसे त्यांच्या दारातले पबही ओस पडले. त्यांतले कित्येक पंजाबी मंडळींनी चालवायला घेतले. तळघर, बिअर उपसायचे हँडपंप, डार्ट्सची तबकडी, सगळं तसंच ठेवलं. स्वयंपाकघरात तंदूर आणला. आज ज्यांना ‘देसी पब’ म्हणतात ते हेच. मिक्स्ड ग्रिलच्या चरचरत्या तव्याने त्यांना तारलं, कारण नुसत्या बिअरवर पब तगत नाही आणि जेवायला घरची माणसं सोबत येतात. वेस्ट ब्रॉमविचच्या ‘रेड लायन’मध्ये या साऱ्या इतिहासाची रंगीत काचेची खिडकी बसवली आहे, ती आवर्जून पाहावी. पेयं बारवरच मागायची आणि तिथेच पैसे द्यायचे. स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी संध्याकाळीच सुरू होतं. शाकाहाऱ्यांना पनीर टिक्का आणि चिली पनीर मिळतं. ज्या समाजाला या दारातून परत पाठवलं होतं, त्यानेच ही दारं उघडी ठेवली, हे इथल्या म्हाताऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकांनाही चांगलं ठाऊक आहे.

दुसरा दिवस : टिप्टन ते ऑथर्ली (सुमारे ८ मैल, २२ लॉक)

सकाळी लवकर निघावं. ३६० यार्डांचा कोझली बोगदा पार करून वुल्वरहॅम्प्टनपर्यंत सुमारे सहा मैल लॉक नाही. मग शहराच्या मधोमध ‘ट्वेंटी-वन’ सुरू होतात : पावणेदोन मैलांत एकवीस लॉकं, १३२ फुटांचा उतार. सरावलेल्या तिघांना तीन-चार तास लागतात, नवख्यांना पाच धरावेत.

उतरताना एकच धोका सतत डोक्यात असू द्यावा. वरच्या दाराच्या पायाशी दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी खाली जाताना बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर पुढचं टोक पाण्यात जातं आणि मिनिटभरात बोट बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते. बोट तिच्या पुढेच ठेवायची. पॅडल (पाणी सोडायची झडप) उघडणाऱ्याने बोट चालवणाऱ्याचा हात वर झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, आणि विंडलास (पॅडल फिरवायचा हँडल) गिअरवर तसाच सोडून हलायचं नाही. खिटी सुटली तर तो गरगरत अंगावर येतो. एक जण पुढे जाऊन पुढचं लॉक भरून ठेवतो, मात्र समोरून बोट येत असेल आणि लॉक रिकामं असेल तर ते तिचं असतं. शहरातल्या काही लॉकांवर पॅडलला जादा कुलूप असतं, त्याची चावी बोट घेताना मागून घ्यावी. लॉकं संपेपर्यंत बिअर नाही, हा नियम सगळ्यांनी पाळावा.

लॉकं सुरू होण्याआधी रेल्वे स्टेशनच्या मागे ‘ग्रेट वेस्टर्न’ हा पब आहे. ब्लॅक कंट्रीतल्या (बर्मिंगहॅमच्या पश्चिमेच्या जुन्या खाण-कारखान्यांच्या पट्ट्यातल्या) होल्डन्स आणि बॅथम्स या दोन कौटुंबिक ब्रुअरींची बिअर तिथे मिळते. भट्टीवर घाम गाळणाऱ्या कामगारांची इथली खरी बिअर म्हणजे माइल्ड : काळसर, जरा गोडसर, साडेतीन टक्क्यांच्या आसपासची, चार पाइंट पिऊनही माणूस शुद्धीत राहील अशी. वुल्वरहॅम्प्टनची माइल्ड म्हणजे बँक्स’स, १८७५ पासून पार्क ब्रुअरीत बनलेली. ती ब्रुअरी २०२५ मध्ये बंद होणार असल्याचं २०२४ च्या अखेरीस जाहीर झालं, तेव्हा शहराने अक्षरशः घरचं माणूस गेल्यासारखा शोक केला.

ब्रुअरी आणि पब यांचं नातं समजल्याशिवाय पब का बंद पडतात ते कळत नाही. इंग्लंडमधले पुष्कळ पबचालक मालक नसतात, भाडेकरू असतात. ते इमारतीचं कोरडं भाडं देतात आणि शिवाय बिअर मालकाकडूनच, मालकाच्या भावाने घेण्याच्या करारात बांधलेले असतात. बाजारभावाहून जास्त मोजलेली ती रक्कम म्हणजे ओलं भाडं. १९८९ मध्ये सरकारने नियम केला : ज्या ब्रुअरीकडे २,००० हून जास्त पब आहेत तिने त्या आकड्याच्या वरच्यांपैकी निम्मे मोकळे करावेत. हेतू चांगला होता. पण मोठ्या ब्रुअरींनी पबांचे गठ्ठेच्या गठ्ठे नव्या कंपन्यांना विकले. या कंपन्या बिअर बनवत नसल्यामुळे त्यांना तो नियम लागूच नव्हता. त्यांनी कर्ज काढून हजारो पब घेतले, आणि कर्जाचे हप्ते जड झाले तेव्हा जी इमारत घर म्हणून जास्त किमतीला जाईल ती विकायला काढली. कालव्याकाठची, अंगण आणि धक्का असलेली इमारत त्या यादीत वर असणारच. २०१६ पासून ५०० किंवा त्याहून जास्त बांधील पब असलेल्या कंपन्यांना पब्ज कोड लागू आहे, आणि त्यात भाडेकरूला ठरावीक वेळी फक्त बाजारभावाचं भाडं देऊन बिअरच्या करारातून सुटता येतं. आमच्या मते ही सुधारणा पंचवीस वर्षं उशिरा आली.

एकविसावं लॉक उतरलं की ऑल्डर्स्ली जंक्शन. उजवीकडे वळून अर्ध्या मैलावर ऑथर्ली, नावाड्यांच्या बोलीत ‘कट एंड’. इथल्या स्टॉप लॉकमध्ये पाण्याच्या पातळीचा फरक जेमतेम काही इंचांचा आहे. दोन कालवा कंपन्यांनी एकमेकींचं पाणी पळवू नये म्हणून ते बांधलं.

तिसरा दिवस : ऑथर्ली ते व्हीटन ॲस्टन (सुमारे ७.५ मैल, १ लॉक)

हलका दिवस. श्रॉपशायर युनियन कालव्याचा हा भाग टेलफर्डचा, १८३५ मध्ये खुला झालेला. टेलफर्ड स्वतः त्याआधी काही महिने वारले. चिलिंग्टनच्या जमीनदारासाठी नक्षीदार कठड्याचा बांधलेला १० नंबरचा पूल, मग ब्रूड गाव आणि १४ नंबरच्या पुलाशी ब्रिज इन. पुढे रोमन रस्त्यावरून जाणारा स्ट्रेटनचा लोखंडी जलसेतू. व्हीटन ॲस्टनला एकच लॉक, आणि १९ नंबरच्या पुलाजवळ हार्टली आर्म्स.

गावातल्या अशा पबात मंगळवारी दुपारी बसलं की हँडपंपांपैकी एकावर उलटा ग्लास किंवा फिरवलेली पाटी दिसते. त्यामागे साधं गणित आहे. कास्क बिअर जिवंत असते, पिंपातच तिचं दुसरं आंबवण होतं. सगळ्यात जास्त चालणारं पिंप म्हणजे फर्किन : ९ गॅलन, ७२ पाइंट, सुमारे ४१ लिटर. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश. पिंप आडवं ठेवून पाचरी लावायच्या, वरच्या शाइव्हमध्ये (बुचात) मऊ लाकडाची स्पाइल (बारीक खुंटी) ठोकायची म्हणजे जादा वायू निघून जातो, बुडबुडे शांत झाले की कठीण स्पाइल, आणि मग दिवस-दोन दिवस गाळ बसू द्यायचा. गाळ बसावा म्हणून परंपरेने आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. कडक शाकाहारी असाल तर ‘अनफाइन्ड’ आहे का ते विचारावं, ती गढूळ दिसते पण बिघडलेली नसते.

पिंपाला तोटी लागली की हवा आत शिरते आणि घड्याळ सुरू होतं. तीन दिवसांत ते संपलं पाहिजे. चौथ्या दिवशी चव सपाट, मग आंबट. तळाचे दोन-तीन पाइंट गाळातच जातात. म्हणजे एका बिअरचे रोज २३ पाइंट खपायला हवेत, दोन बिअर ठेवल्या तर ४६. जुलैत बोटींची रांग असताना हे दुपारीच होतं. जानेवारीच्या मंगळवारी आठ माणसं येतात, त्यातले दोघे गाडी चालवणारे. उरलेली बिअर मोरीत. ३६ पाइंटांचं छोटं पिंप मिळतं, पण पाइंटमागे महाग पडतं आणि हरेक ब्रुअरी देत नाही. पाइपांची आठवड्याला एकदा सफाई, त्यातही बिअर वाया. मग पबचालक एक हँडपंप बंद करतो, पुढे कास्क सोडून थंड, वायू भरलेली केग बिअर आणतो, कारण ती आठवडे टिकते. ज्यांना कास्क हवी असते ते येईनासे होतात. मग सोमवार-मंगळवार बंद. बंद दारावर दोनदा आपटलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. गावात कुणालाच पब नको होता असं सहसा नसतं. तो अशा रीतीने पायरी-पायरीने उतरत जातो.

बिअर आंबट लागली तर तक्रारीचा सूर न लावता ग्लास परत द्यावा, चांगला पबचालक लगेच बदलून देतो. दुपारचं जेवण दोनला संपतं. सगळीकडे हमखास मिळणारं शाकाहारी खाणं म्हणजे चीज-कांद्याचा कॉब (भरलेला गोल पाव). ब्लॅक कंट्रीचे ग्रे पीज डाळीसारखे दिसतात, पण त्यात बेकन असतं.

चौथा दिवस : व्हीटन ॲस्टन ते नॉरबरी जंक्शन (सुमारे ८ मैल, लॉक नाही)

या टप्प्यावर त्रास देते ती ‘श्रॉपी शेल्फ’. काठापासून फूट-दीड फुटावर पाण्याखाली काँक्रीटची कड आहे. बोट तिच्यावर आदळत राहते आणि रात्रभर ठोके ऐकू येतात. बोटीच्या कडेला लहान फुगीर चाकं टांगली की बोट बाहेर राहते. लोखंडी पत्र्याची कड असेल तिथे खुंट्या न ठोकता पत्र्याच्या मागे अडकवायच्या साखळ्या वापराव्यात.

ग्नोसॉलला (उच्चार ‘नोझल’) ‘बोट’ आणि ‘नेव्हिगेशन’ हे दोन पब दोन पुलांशी आहेत. एवढ्याशा गावाच्या काठावर दोन कशाला, याचं उत्तर जुन्या वाहतुकीत आहे. १८३० च्या बिअर अ‍ॅक्टने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून घरात बिअर विकायची मुभा दिली आणि हा कालवा पाचच वर्षांनी खुला झाला. इथून ‘फ्लाय’ (मालाच्या जलद) बोटी रात्रंदिवस धावत. घोडे मात्र बदलावे लागत. म्हणून पबाला तबेला, तबेल्याला चारा, आणि रात्री दोन वाजताही जागं असणारं माणूस. नावाड्यांची कुटुंबं बोटीतच राहत आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. निरोप पबात ठेवला जाई, वाचून दाखवणारं कुणीतरी तिथे सापडे. श्रॉपशायर युनियन कंपनीने १९२१ मध्ये स्वतःची मालवाहतूक बंद केली. जी उरली होती ती १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठल्यावर जवळजवळ संपली. तोवर पब स्थानिकांवर जगायला शिकले होते.

गेलेला पब ओळखायच्या खुणा आहेत. पुलाला चिकटलेलं, रस्त्यापेक्षा पाण्याकडे तोंड असलेलं घर. जमिनीलगत तळघराची झडप, जिच्यातून पिंपं घरंगळत. भिंतीतून बाहेर आलेला, पाटी नसलेला लोखंडी दांडा. मागे बुजवलेल्या दारांची लांबट इमारत, म्हणजे तबेला. बाजूच्या भिंतीत छोटी खिडकी दिसली तर ती ‘आउटडोअर’ : पोरं तिथे जग घेऊन वडिलांसाठी बिअर न्यायला येत.

स्थानिकांना काय खटकतं, हे विचारलं तर बिअर पहिल्यांदा येत नाही. डार्ट्स, डॉमिनो आणि क्रिबेजच्या लीग आठवड्याच्या रात्री चालतात. संघाला घरचा पब लागतो. पब गेला की सहा-आठ जणांचा संघ दुसऱ्या गावी जातो किंवा मोडतो. दुसरं गाव तीन मैलांवर, संध्याकाळी बस नाही, आणि रक्तात १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा, म्हणजे एकाने तरी प्यायचंच नाही. दफनविधीनंतर चहा-सँडविचला जमायची जागा जाते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा दुपारचा ठरलेला अर्धा पाइंट जातो, आणि तो दोन दिवस दिसला नाही तर दार वाजवायला जाणारी चालकबाईही जाते. बोटकऱ्यांची अडचण वेगळी : पार्सल कुठे मागवायचं, कोळशाची बोट कधी येते, पुढचं लॉक अडलंय का, ही विचारपूस होई ती जागा. गावातल्या पाराला जसं आमंत्रण लागत नाही, तसं पबालाही लागत नसे. अनोळखी माणसाला घरात बोलावता येत नाही, तिथे मात्र शेजारच्या बाकावर बसवता येतं.

पब वाचवायचा तर इमारत विकायला निघण्याआधी हालचाल करावी लागते. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टखाली २१ स्थानिक मतदार किंवा पॅरिश कौन्सिल (गावची पंचायत) पबाला ‘ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ म्हणून नोंदवायला अर्ज करू शकतात. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायचं ठरवलं की सहा आठवड्यांत गावाने इच्छा कळवायची. कळवली तर विक्री एकूण सहा महिने थांबते. तेवढ्यात सहकारी धर्तीची संस्था नोंदवायची, शेअर विकायचे (शेअर कितीही असोत, एकाला एकच मत), तज्ज्ञाकडून इमारत तपासून घ्यायची, कर्ज आणि अनुदान जमवायचं. प्लंकेट ही संस्था यात मार्ग दाखवते. कुठे फसतं? मालकावर गावालाच विकण्याची सक्ती नाही. किंमत बहुधा घराच्या हिशेबाने लावलेली असते. खरेदीतच सारा पैसा जातो आणि छत, वायरिंग, स्वयंपाकघराला उरत नाही. वर्षभर बंद राहिलेल्या इमारतीत ओल शिरते, पाइप गोठून फुटतात. म्हणून आमचं म्हणणं, पब चालू असतानाच अर्ज करून ठेवावा. २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला परवानगी लागते, हा आधार आहेच. त्याची मर्यादा हिम्लीच्या ‘क्रूकेड हाउस’ने दाखवली. तो कालव्यावर नव्हता, पण ब्लॅक कंट्रीचा लाडका होता : १७६५ ची इमारत, खाणींमुळे एका बाजूला कललेली. विक्रीनंतर ५ ऑगस्ट २०२३ ला ती जळाली आणि दोन दिवसांत परवानगीवाचून पाडली गेली. कौन्सिलने २०२४ मध्ये ती पुन्हा बांधण्याचा आदेश दिला.

संध्याकाळी शेल्मोरचा उंच भराव ओलांडायचा. लॉर्ड ॲन्सनच्या शिकारीच्या रानातून कालवा नेऊ न दिल्याने तो बांधावा लागला आणि सहा वर्षं खचत राहिला. लगेच नॉरबरी जंक्शन. न्यूपोर्टकडे उतरणारी सतरा लॉकांची शाखा १९४४ मध्ये सोडून दिली गेली; वरचं लॉक आता ड्राय डॉक आहे. जंक्शन इन पाण्यालगतच आहे, आणि नळ, कचराकुंडी, शौचटाकी रिकामी करायची सोयही इथेच. पाणी भरून घ्यावं.

पाचवा दिवस : नॉरबरी ते हाय ऑफली (सुमारे २ मैल)

ग्रब स्ट्रीटचा खोल, ओलसर काप. ३९ नंबरच्या पुलाला दोन कमानी आहेत आणि वरच्या कमानीच्या मधोमध तारेचा आखूड खांब उभा आहे. कापातून बाहेर आलं की ४२ नंबरचा पूल आणि त्याला लागून ‘अँकर’.

नावाड्यांचा पब कसा होता हे पुस्तकातून नको असेल तर इथे यावं. दोन साध्या खोल्या, फरशी, उंच पाठीची लाकडी बाकं, शेकोटी. बिअर जगमधून येते : मागणी केली की आतलं माणूस पायऱ्या उतरून तळघरात जातं, पिंपाच्या तोटीखाली जग धरतं, वर आणून ग्लासात ओततं. मध्ये पंप नाही, पाइप नाही, म्हणून पाइपात साचून शिळी झालेली बिअरही नाही. पहिली फेरी यायला वेळ लागतो. सगळ्यांची मागणी एकदम सांगावी. पबच्या जुन्या अंतर्भागांची कॅमरा या कास्क बिअरप्रेमी ग्राहकसंघटनेने जी राष्ट्रीय यादी केली तीत याचं नाव आहे. एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या तो चालवला आणि बदल करायचा मोह टाळला, म्हणून हे टिकलं. वेळा मर्यादित असतात, विशेषतः हिवाळ्यात, त्यामुळे फोन करूनच निघावं आणि जेवण बोटीवर करून यावं. रोख पैसे खिशात असावेत.

बोट वळवायला पुढच्या विंडिंग होलपर्यंत जावं. किती फुटांची बोट तिथे वळते ते नकाशावर दिलेलं असतं. पुढचं टोक खाचेत घालून मागचं फिरवायचं, उलट केलं तर पंखा गाळात रुततो. परतीला ट्वेंटी-वन चढायची असल्याने तीन दिवस ठेवावेत. जाताना सुटलेले पब परतीत, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवारातच गाठावेत. शनिवारी तुमच्यावाचून त्यांचं अडत नाही. फर्किनचे २३ पाइंट मोजायची वेळ मंगळवारी येते.